पाण्याची वही: विहिरी मोजताना अख्खं गाव सोबत कसं घ्यायचं

मे महिन्यातली सकाळ होती. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात आम्ही विहिरींची पातळी मोजायला निघालो होतो. यादीत आठ विहिरी. वाटेत एका वस्तीवर पाणी प्यायला थांबलो. आमच्या खांद्यावरची टेप बघून पाणी शेंदणाऱ्या मावशींनी विचारलं, "काय मोजताय?" विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते, असं सांगितलं. त्यांनी हातातला दोर पुढं केला. दोराला लुगड्याच्या काठाची एक चिंधी बांधलेली होती. "दसऱ्याला ही चिंधी हातात असायची तवा पोहरा बुडायचा. आता तिच्यावर अडीच वाव दोर सोडावा लागतोय." (दोन्ही हात पसरले की होते ती लांबी म्हणजे एक वाव.)

आमची पहिली नोंद त्या दिवशीची होती. मावशींकडे सात महिन्यांची होती. आणि त्यांची विहीर आमच्या आठांच्या यादीत नव्हती.

हा लेख त्या यादीबद्दल आहे. गावात पाण्याच्या नोंदी ठेवायचं काम ज्यांना नव्यानं सुरू करायचं आहे, त्यांच्यासाठी पायरीपायरीनं लिहितो आहे. शास्त्रज्ञ नसलेल्या माणसांनी मिळून निरीक्षणं करायची, ती नीट लिहायची आणि त्यातून ज्ञान तयार करायचं, याला नागरिक विज्ञान म्हणतात. पक्षी मोजणारे, फुलपाखरं टिपणारे, झाडांचा बहर नोंदवणारे हजारो लोक आज हे करतात. पण 'नागरिक' या शब्दातच 'नगर' आहे, आणि बऱ्याच उपक्रमांचं तसंच झालं आहे. ज्यांच्याकडे मोबाइल, मोकळा रविवार आणि इंग्रजी आहे, त्यांच्या भागातल्या नोंदी भरपूर, बाकीचा नकाशा कोरा. गावात हा शब्द वापरूच नका. आम्ही 'पाण्याची वही' म्हणतो आणि ते सगळ्यांना कळतं.

सगळ्यांना सोबत घेणं हा चांगुलपणाचा भाग आहे असं समजून सुरुवात करू नका. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर उभा आहे. या खडकात पाणी वाळूसारखं सगळीकडे सारखं भरत नाही. ते मुरमात, मांजऱ्याच्या म्हणजे सच्छिद्र खडकाच्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या भेगांत साठतं. म्हणून शंभर पावलांवरच्या दोन विहिरी वेगळ्या वागतात. एक मार्चला तळ दाखवते, दुसरी मृगापर्यंत पुरते. तुम्ही फक्त मोठ्या बागायतदारांच्या, रस्त्याकडेच्या, बोलावणं आलेल्या विहिरी मोजल्या, तर तुमचं गावाच्या पाण्याचं चित्र चुकलेलं असतं. वस्तीची विहीर सोडणं ही मोजमापाचीच चूक आहे.

पहिली पायरी: प्रश्न गावाकडून घ्या

बाहेरून येणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो, 'भूजल किती खाली गेलं?' गावातल्या प्रत्येकाचा प्रश्न निराळा निघतो. बागायतदाराला कळायचं असतं, यंदा कांदा करू का ज्वारीवर भागवू. पाणी भरणाऱ्या बाईला कळायचं असतं, टँकर कधीपासून मागावा लागेल. मेंढरं घेऊन फिरणाऱ्याला कळायचं असतं, कोणत्या महिन्यात कुठल्या पाणवठ्यावर थांबता येईल. भूमिहीन माणूस विचारतो, माझ्याकडे विहीरच नाही, मी काय मोजू?

या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर काम सुरू करू नका. आमचं उत्तर असं होतं: पाऊस सगळ्यांचा आहे, हातपंप सगळ्यांचा आहे, ओढा कधी आटला हे पाहायला सातबारा लागत नाही. तीन-चार घरांत बसून प्रत्येकाला एवढंच विचारा, "पाण्याबद्दल काय कळलं तर तुमचं काम सोपं होईल?" जे मिळेल ते त्यांच्या शब्दांत लिहा. वही त्या प्रश्नांवरून आखायची.

दुसरी पायरी: पाणवठ्यांचा नकाशा दोनदा काढा

शिवारफेरी सगळेच काढतात. ती साधारणपणे सरपंच, पोलीस पाटील आणि चार शेतकऱ्यांबरोबर निघते. तो नकाशा घ्या आणि बाजूला ठेवा. मग दुसरी फेरी पाणी भरणाऱ्या बायकांबरोबर, त्यांच्या पाणी भरण्याच्या वेळेला काढा. आमच्या पहिल्या नकाशात विहिरी आणि बोअर होते. दुसऱ्यात ओढ्यातले उन्हाळी झिरे, म्हणजे पाण्यासाठी खणलेले खड्डे आले, एक पडका आड आला, आणि 'ही विहीर भरलेली असते पण आम्हाला भरू देत नाहीत' अशी एक जागाही आली. ती भूशास्त्राची नोंद नसली तरी पाण्याची नोंद आहे. तीही वहीत येते.

इथं थोडं थांबावं लागेल. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याला शंभर वर्षं होत आली. तरी कित्येक गावांत वस्तीचा पाणवठा वेगळा आणि गावाचा वेगळा, हे नकाशा काढायला बसलं की दिसतंच. तुमच्या गटात वस्तीवरचा तरुण असेल आणि त्यानं गावातल्या विहिरीच्या कठड्यावर उभं राहून टेप सोडायची असेल, तर ती गोष्ट साधी आहे असं धरून चालू नका. आधी त्या तरुणाशी एकट्यानं बोला. त्याला जायचं आहे का? काही झालं तर ते त्याच्या घरावर येणार आहे, तुम्ही संध्याकाळच्या एसटीनं निघून जाल. मग विहीरमालकाशी बोला, मोजणारे कोण असतील ते नावानिशी सांगून. पहिल्या दोन-तीन वेळा स्वतः सोबत जा. मालक म्हणाला, "मोजा, पण त्याला आणू नका," तर ती विहीर मोजू नका. वहीत विहिरीचा क्रमांक लिहा आणि पुढं कारण लिहा. दुसऱ्या कुणाला पाठवून आकडा मिळवला, तर आकडा मिळतो आणि माणूस जातो. आम्ही सुरुवातीला एकदा तसं केलं. तो मुलगा नंतर सहा महिने आमच्याकडे फिरकला नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

तिसरी पायरी: बैठक कुठं आणि कधी

मारुतीच्या पारावर रात्री आठला बैठक ठेवली तर कोण येतं ते पाहा. बायका चुलीपाशी असतात, वस्तीवरची मंडळी कडेला उभी राहतात, बोलतात तेच चौघं. आम्ही बैठक फिरती केली. एकदा अंगणवाडीत, एकदा वस्तीवरच्या समाजमंदिरात, एकदा खुरपणीच्या रानात दुपारच्या भाकरीच्या वेळी. सगळ्यात जास्त माहिती या शेवटच्या बैठकीत मिळाली. बांधावर बसून अर्धा तास बोलायला कुणाला मजुरी बुडवावी लागत नाही.

मजुरीचंही स्पष्ट बोला. दिवसभराचं प्रशिक्षण ठेवलं तर रोजंदारीवरच्या माणसाचा रोज बुडतो. निधी असेल तर तेवढा रोज द्या, सगळ्यांना सारखा. नसेल तर प्रशिक्षण तासाभराच्या तुकड्यांत करा. 'गावासाठी एक दिवस द्या' हे बागायतदाराला सांगणं वेगळं आणि ज्याच्या घरी रोजच्या कमाईवर चूल पेटते त्याला सांगणं वेगळं.

सुरुवात कुणापासून करायची हे कळत नसेल तर एक सोपी वाट आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते ग्रामपंचायतीत विचारा. त्यांना नमुना घेणं, नोंद करणं माहीत असतं. बहुतेक वेळा त्यांना पुढं काही विचारायला कुणी आलेलंच नसतं.

चौथी पायरी: साधनं अशी निवडा की कुणी बाहेर राहणार नाही

विहिरीसाठी तीस मीटरची टेप आणि खाली बांधायला ओळंबा लागतो. कठड्यावर एक जागा ठरवा आणि तिथं ऑइलपेंटनं बाण काढा. दरवेळी तिथूनच मोजायचं. टेपवर ९.४० मीटर आलं आणि कठडा जमिनीपासून ०.९० मीटर उंच असेल, तर पाणी जमिनीखाली ८.५० मीटरवर आहे. सकाळी, मोटर सुरू होण्याआधी मोजा. रात्री मोटर चालली असेल तर तसं लिहा, कारण उपसा झालेल्या विहिरीचा आकडा तिच्या खऱ्या पातळीचा नसतो. दर पंधरा दिवसांनी, एकाच वारी. बोअरच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका. त्यात मोटर आणि पाइप असतात, टेप अडकते.

आता दोर. टेपवरचे आकडे सगळ्यांना वाचता येत नाहीत, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना ते दिसतही नाहीत. म्हणून मावशींच्या चिंधीवरून आम्ही गाठींचा दोर केला. दर अर्ध्या मीटरला एक गाठ, दर पाच मीटरला रंगीत कापड. सुती किंवा नायलॉनचा दोर भिजला, ताणला की लांबतो. म्हणून आधी दोन दिवस भिजवून, वजन बांधून टांगून ठेवायचा आणि मगच टेपेशी जुळवून गाठी मारायच्या. दर दोन महिन्यांनी पुन्हा जुळवायचा. दोर ओला कुठवर झाला ते हातानं चाचपून गाठी मोजायच्या. आमच्या गटात एक अंध आजोबा आहेत. नातू दोर सोडतो आणि वर ओढतो, आजोबा ओसरीवर बसून गाठी मोजतात. त्यांचा आकडा टेपेच्या आकड्यापासून अर्ध्या गाठीपेक्षा जास्त हललेला मला आठवत नाही.

पाऊस मोजायला महागडं यंत्र नको. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, खांद्याखाली कापा आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळाच्या खोलगट भागात खडे टाकून पाणी भरा आणि जिथं भिंत सरळ होते तिथं शून्याची रेघ मारा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली घर किंवा झाडापासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, मोकळ्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आकडा वाचा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणा. हवामान खात्याची वेळ तीच आहे, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. हे काम लहान मुलांना, बाळंतिणीला, पायानं अधू असलेल्या माणसाला घरच्या अंगणात करता येतं. विहिरीच्या काठाशी मुलांना नेऊ नका, ही आमची एकमेव न मोडायची शिस्त आहे. विहिरीवर कायम दोघं, आणि आत उतरायचं नाही.

पावसाचा आकडा क्षुल्लक समजू नका. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि ते ठरतं महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून. एका मंडळात अनेक गावं असतात. डोंगराच्या अलीकडे कोसळतो आणि पलीकडे शिंतोडे. तुमच्या बाटलीचा आकडा सरकारी ठरत नाही, पण चार वस्त्यांच्या चार बाटल्यांत एकाच दिवशी सारखा आकडा असेल तर तलाठ्यासमोर बोलायला काहीतरी हातात असतं.

पाचवी पायरी: नोंद वहीत, मोबाइल नंतर

अ‍ॅपपासून सुरुवात केली की मोबाइल ज्याच्या खिशात आहे त्याच्याकडे काम जातं. घरात स्मार्टफोन असतो तो मुलाकडे किंवा नवऱ्याकडे. मग आईनं मोजलेल्या विहिरीवर मुलाचं नाव चढतं. म्हणून मूळ नोंद कागदाच्या वहीत ठेवा. रकाने कमी: तारीख, विहीर, आकडा किंवा गाठी, मोटर चालली होती का, कोणी मोजलं. आम्ही त्यात नक्षत्राचा एक रकाना टाकला. मृग कोरडा गेला, हस्त धो धो पडला, हे जुन्या माणसांना तारखेपेक्षा पक्कं आठवतं, आणि त्यांच्या आठवणीतलं मागचं वर्ष तुमच्या वहीशेजारी ठेवता येतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवावा किंवा वही सांभाळणाऱ्याला तोंडी सांगावं. 'कोणी मोजलं' हा रकाना मात्र मोजणाऱ्याच्याच नावानं भरायचा.

वही सांभाळण्याची जबाबदारी दर सहा महिन्यांनी दुसऱ्या वस्तीकडे जाऊ द्या. कोणाला घेतलं आहे हे नुसत्या हजेरीवरून कळत नाही. टेप कोण धरतं, आकडा मोठ्यानं कोण वाचतं आणि वही कोणाच्या घरात असते, हे बघा.

सहावी पायरी: दसऱ्यानंतर गाव अर्धं होतं

आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात. नवराबायको जोडीनं जातात आणि परत येतात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे पातळी खाली सरकत असते नेमके तेच महिने वस्ती रिकामी असते. पहिल्या वर्षी त्या वस्तीच्या नोंदी नोव्हेंबरला थांबल्या आणि आम्ही त्याला 'सातत्य नाही' म्हटलं. ते म्हणणं चुकीचं होतं. कामाची आखणी आम्ही वर्षभर गावात राहणाऱ्यांसाठी केली होती.

आता प्रत्येक विहिरीला दोन माणसं ठरवतो: एक जाणारं, एक राहणारं. मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि शाळेतली मोठी मुलं. म्हातारा माणूस विहिरीवर, मुलाचं लिहिणं. निघताना जाणारी बाई वही सासूच्या हाती देते, आल्यावर मधल्या नोंदी वाचून घेते. तुमच्या भागात ऊसतोड नसेल तर वीटभट्टी असेल, मासेमारीचा हंगाम असेल, मेंढरांची वाट असेल. लोक कोणत्या महिन्यात कुठं असतात, हे वही आखण्याआधी विचारा.

सातवी पायरी: विचित्र आकडा खोडू नका

एका मार्चमध्ये एका विहिरीचं पाणी पंधरा दिवसांत एक मीटर वर आलं. पाऊस नाही, काही नाही. आमच्यातल्या शिकलेल्या दोघांनी 'वाचनात चूक' म्हणून तो आकडा कापायचं ठरवलं. मोजणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "वरच्या रानात गव्हाला शेवटचं पाणी दिलंय, ते पाझरून येतं. दरसाल येतं." पुढच्या वर्षी नीट पाहिलं, तसंच झालं. वरच्या शेताचं पाणी खालच्या विहिरीत मुरतं, हा त्या शिवाराच्या भूगर्भाबद्दलचा आमच्या वहीतला सगळ्यात महत्त्वाचा शोध आहे. तो कापला जाणार होता, कारण तो कुणाच्या तोंडून आला याकडे आम्ही पाहत होतो.

विचित्र आकड्याला गोल करा, पुन्हा मोजा, मोजणाऱ्याला कारण विचारा. तिघांनी एकच विहीर पाठोपाठ मोजून आकडे जुळतात का, ते महिन्यातून एकदा पाहा. हे सगळ्यांसाठी करा, फक्त कमी शिकलेल्यांसाठी नाही.

आठवी पायरी: लोक घाबरतात, ते ऐकून घ्या

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या भूजल कायद्यापासून बंधन आहे. त्यामुळे विहिरींची यादी करणारा माणूस दिसला की, "हे कुणाला दाखवणार?" हा प्रश्न येतोच. उत्तर तयार ठेवा आणि ते खरं असू द्या. खाजगी विहिरीचा आकडा मालकाच्या परवानगीशिवाय गावाबाहेर जाणार नाही. बाहेर द्यायचाच झाला तर नाव आणि गट क्रमांक न देता. वही गावात राहील, अभ्यासकाला प्रत मिळेल. फोटो काढताना विचारायचं, आणि नको म्हटलं तर कारण विचारायचं नाही.

नववी पायरी: आकडा लोकांच्या कामाला यावा

मीटरमध्ये सांगितलेली पातळी घरात कुणाला उपयोगाची नसते. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. हे सांगितलं की लगेच हिशेब सुरू होतो, टँकर किती, जनावरं किती, किती दिवस. वस्तीच्या भिंतीवर एक फळा करा. त्यावर विहिरीचं चित्र, पाणी कुठं आहे त्याची निळी रेघ, मागच्या वर्षीची त्याच महिन्याची लाल रेघ. वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं. चित्र काढणाऱ्यांची आणि मोजणाऱ्यांची नावं खाली, ज्यांनी हो म्हटलं त्यांची.

तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकरी स्त्रीपुरुषांनी या शतकाच्या पहिल्या दशकात असंच मोजलं. पावसाळ्यानंतर बसून पाण्याचा अंदाज मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची, ही त्यांची पद्धत. आपल्याकडे हिवरे बाजारच्या पाण्याच्या ताळेबंदाबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. दोन्हीकडे आकडा मोजणाऱ्यांच्याच निर्णयासाठी वापरला गेला.

तुमच्यासाठी असा अंदाज मांडायचा नेमका दिवस २ ऑक्टोबर. त्या दिवशी ग्रामसभा असते, पावसाळा संपत आलेला असतो, रब्बीची पेरणी पुढ्यात असते आणि ऊसतोडीला जाणारी माणसं बहुतेक अजून गावात असतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं नियमानंच आहे. पावसाचे आणि विहिरींचे आकडे आधी तिथं ठेवा. तिथं ठरलेला मुद्दा, उदाहरणार्थ 'वस्तीच्या विहिरीचं पाणी सहा मीटरखाली गेलं की टँकरचा अर्ज जायचा', लिहून घ्या आणि मुख्य ग्रामसभेत तो मांडायला मोजणाऱ्या बाईंनाच उभं करा. त्यांना बोलायचं नसेल तर त्यांच्या नावानं वाचा.

मावशींची विहीर आता यादीत नववी आहे. चिंधीचा दोर त्या अजून वापरतात, आणि दर पंधरा दिवसांनी टेपेचा आकडा लिहिला की त्याच्या शेजारी वाव लिहून घेतात. तुम्ही पहिल्यांदा जाल तेव्हा टेप बाहेर काढण्याआधी पाणी शेंदणाऱ्या माणसाचा दोर नीट बघा आणि त्यावर कुठं खूण आहे का ते विचारा.